गाडी चोरीचा गुन्हा: कलमं, शिक्षा आणि फिर्यादीपासून सुपूर्दनाम्यापर्यंतची वाट

गाडी चोरीला गेली की पहिला प्रश्न असतो 'मिळेल का?' आणि दुसरा, 'चोर सापडला तर आत किती वर्षं जाईल?' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक गाडीच्या किमतीत शोधतात. ते तिथे नसतं. चाळीस हजारांची जुनी स्कूटर असो की वीस लाखांची एसयूव्ही, रस्त्याच्या कडेवरून गुपचूप नेली तर कलम तेच आणि शिक्षेची कमाल मर्यादाही तीच. फरक पडतो तो गाडी कुठून नेली, कशी नेली, कोणी नेली, यामुळे. आणि हे सगळं न्यायालयापुढे येतं ते पहिल्या दिवशी फिर्यादीत जसं उतरलं असेल तसं. घाईत लिहून घेतलेली चार ओळींची फिर्याद पुढे खटल्यात आणि विम्यात किती महागात पडते हे मी वारंवार बघतो, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याआधी घडलेल्या चोरीचा खटला जुन्या ३७९ कलमाखालीच चालतो, त्यानंतरची चोरी नव्या ३०३ खाली येते. इथे मी नवीच कलमं धरून चाललो आहे.

आधी खात्री, मग पोलीस ठाणं

गाडी जागेवर नाही म्हणजे ती चोरीलाच गेली असं नाही. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा शहरांत वाहतूक पोलिसांच्या टोइंगने गाडी उचलली असण्याची शक्यता मोठी असते. जवळच्या वाहतूक शाखेत फोन करा, गाडीच्या क्रमांकावर नवं ई-चलान पडलंय का ते बघा. गाडी कर्जावर असेल आणि हप्ते थकले असतील तर वसुलीवाल्यांनी नेली नाही ना, हेही विचारून घ्या. करारानुसार ताबा घेणाऱ्या वित्तसंस्थेवर चोरीचा गुन्हा सहसा टिकत नाही. पण गुंड पाठवून, धमकावून, रस्त्यात अडवून गाडी हिसकावण्याचा अधिकार कोणत्याही बँकेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अशा वसुलीवर कडक शब्दांत ताशेरे ओढले आहेत. तसं घडलं असेल तर तक्रार मारहाणीची, धमकीची द्यायची.

ही चौकशी अर्ध्या तासात उरकायची. घरचा कोणी घेऊन गेलाय का हे विचारता विचारता दिवस घालवू नका. दरम्यान ११२ वर फोन करून ठेवा, म्हणजे वेळेची नोंद राहते आणि गस्तीच्या गाड्यांपर्यंत क्रमांक पोचतो.

फिर्याद: इथे घाई करू नका

गाडी जिथून गेली त्या हद्दीचं पोलीस ठाणं कोणतं हे माहीत नसलं तरी अडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात, ती पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग होते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, फक्त तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळणं हा तुमचा हक्क आहे. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

ठाण्यात कधी कधी 'आधी मिसिंगचा अर्ज द्या, दोन दिवस शोधू, मग बघू' असं सांगतात. यावर समाधान मानू नका. गहाळ झाल्याचा दाखला म्हणजे एफआयआर नव्हे. त्यावर तपास होत नाही आणि विमा कंपनीही तो चालवून घेत नाही. तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा नव्या कायद्याने पोलिसांना दिली आहे, हे खरं. पण तसं कारण सांगितलं तर ती परवानगी घेतली आहे का हे लेखी विचारा. तरीही गुन्हा नोंदवला नाही तर तीच खबर पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर उपायुक्तांना, टपालाने लेखी पाठवा. तिथेही काही झालं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आता फिर्यादीत काय हवं? नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग, मॉडेल, हे ठाणे अंमलदार विचारतीलच. ते विचारणार नाहीत अशा गोष्टी तुम्ही सांगायच्या आहेत. गाडी शेवटची कधी आणि कुणी पाहिली. कुलूप लावलं होतं का, हँडल लॉक होतं का, दोन्ही किल्ल्या कुठे आहेत. जागा नेमकी कशी होती: रस्ता, सोसायटीचं उघडं आवार, की कुलूपबंद गॅरेज. कुलूप तोडलेलं दिसलं का. गाडीत काय सामान होतं. ओळखीच्या कुणाचा संशय आहे का. आणि गाडीच्या खास खुणा: मागच्या बंपरवरचा ओरखडा, बदललेला आरसा, सीट कव्हरवरची शिवण. क्रमांक खोडला गेल्यावर याच खुणांवर मालक ओळख पटवतो. लिहून झालेली फिर्याद सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा. 'अज्ञात इसमाने मोटार सायकल चोरून नेली' एवढंच लिहिलं असेल तर भर घालायला सांगा.

फास्टॅग असेल तर तो लगेच बंद करू नका. टोलनाक्यावर पैसे कापले गेल्याचा संदेश आला तर गाडी कोणत्या दिशेला गेली ते कळतं. हा संदेश आणि तुमच्या क्रमांकावर पडलेलं नवं ई-चलान, दोन्ही तपासी अंमलदाराला लगेच दाखवा. टॅग कधी बंद करायचा ते त्यांनाच विचारून ठरवा.

तीच गाडी, तीन वर्षं की चौदा?

चोरीची व्याख्या कलम ३०३ च्या पहिल्या पोटकलमात आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने, ताब्यातून काढण्यासाठी हलवली की चोरी पूर्ण झाली. किती लांब नेली याला महत्त्व नाही. हँडल लॉक तोडून मोटारसायकल दहा पावलं ढकलत नेली आणि रखवालदाराने पकडलं, तरी ती पूर्ण झालेली चोरी आहे. कुलपाशी खटपट चालू असताना, गाडी हलण्याआधीच पकडला गेला, तर तो चोरीचा प्रयत्न. कलम ६२ नुसार त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याच्या कमाल मुदतीच्या निम्म्यापर्यंत.

साध्या चोरीला ३०३(२) खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही. तोच माणूस पुन्हा चोरीत दोषी ठरला तर सश्रम कारावास किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं, वर दंड. ऐवज पाच हजारांहून कमी, आरोपी पहिल्यांदाच दोषी आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, अशा वेळी सामुदायिक सेवेची तरतूद आहे. चालू स्थितीतली गाडी यात क्वचितच बसेल. रस्त्यावर, बाजारात, स्टेशनबाहेर लावलेल्या गाड्यांचे बहुतेक गुन्हे याच ३०३(२) खाली नोंदवले जातात.

आता जागा बदला. कलम ३०५ नुसार राहत्या घरातून किंवा माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली तर शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड. बंद गॅरेज, गोदाम, शोरूम यात येतात. सोसायटीच्या उघड्या आवाराबद्दल मात्र वाद होतो. म्हणूनच जागेचं वर्णन पंचनाम्यात नीट यायला हवं. याच कलमात माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाची चोरी वेगळी सांगितली आहे. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक चोरीला गेला असेल तर फिर्यादीत 'हे वाहन प्रवासी वाहतुकीसाठी परवान्यावर चालतं' हे वाक्य आलंच पाहिजे. रिक्षावाल्याचं तर पोटच त्या गाडीवर असतं आणि कायद्यानेही ते ओळखलं आहे, मग नुसतं ३०३(२) लावून का सोडायचं? सरकारी किंवा नगरपालिकेच्या मालमत्तेच्या चोरीलाही हेच कलम.

रात्रीच्या वेळी गॅरेजचं कुलूप तोडून आत शिरून गाडी नेली, तर चोरीच्या जोडीला घरफोडी येते. कलम ३३१(४) नुसार रात्रीची घरफोडी चोरीसाठी केली असेल तर कारावास चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकतो. तीच गाडी, तोच चोर. रस्त्यावरून नेली तर तीन, कुलूप फोडून नेली तर चौदा. तुटलेलं कुलूप तुम्ही कचऱ्यात टाकलंत किंवा पंचनाम्याआधी नवं लावलंत, तर हा पुरावा तुमच्याच हाताने जातो.

माणसाला धमकावून, मारून, चाकू दाखवून गाडी हिसकावली की ती जबरी चोरी, कलम ३०९. सश्रम कारावास दहा वर्षांपर्यंत आणि दंड. महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घडली तर चौदा वर्षांपर्यंत. जबरी चोरी करताना दुखापत केली तर जन्मठेपही होऊ शकते. पाच किंवा अधिक जण असले की तो दरोडा होतो, कलम ३१०, आणि तिथेही जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. जबरी चोरी किंवा दरोड्यात प्राणघातक शस्त्र वापरलं तर कलम ३११ खाली सात वर्षांहून कमी शिक्षा देता येत नाही. त्यामुळे 'गाडी अडवली आणि नेली' एवढंच सांगू नका. वेळ, ठिकाण, किती जण, हातात काय, अंगावर कोणी हात टाकला का, सगळं सांगा. खरचटलं असेल तरी सरकारी रुग्णालयात तपासून घ्या.

'चोरी नव्हे, फक्त चक्कर मारायला नेली'

तरुण पोरांच्या बाबतीत हा बचाव नेहमी ऐकू येतो. तात्पुरतं नेणंही चोरी ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये के. एन. मेहरा खटल्यात सांगितलं. त्या खटल्यातलं वाहन मोटार नव्हतं, चक्क हवाई दलाचं विमान होतं. प्रशिक्षणार्थी कॅडेटने ते परवानगीविना जोधपूरहून उडवून पाकिस्तानात उतरवलं होतं. कायमचं ठेवून घ्यायचा इरादा नव्हता म्हणून चोरी नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. मालकाला काही काळ वस्तूपासून वंचित करणं पुरेसं आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९७ मध्ये परवानगीविना वाहन नेण्याचा वेगळा, सौम्य गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकाने विचारलं असतं तर हो म्हटलं असतं अशी रास्त समजूत असेल, तर त्याखाली दोषी धरत नाहीत. चुलतभावाने खुंटीवरची किल्ली घेऊन बाइक नेली, असल्या प्रकरणात वकिलाने या कलमाकडे बघायला हवं. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. त्याला तुरुंगात टाकत नाहीत.

चोरीचं आणखी एक रूप लोकांना चकित करतं. दुरुस्तीचं बिल न भरता स्वतःचीच स्कूटर गॅरेजवाल्याच्या नकळत उचलून आणली तरी ती चोरी होऊ शकते. बिलापोटी त्याने ती कायदेशीररीत्या अडवून ठेवलेली असते आणि ताबा त्याचा असतो. मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चोरी ताब्याविरुद्ध होते.

उलट, तुम्हीच विश्वासाने दिलेली गाडी परत आली नाही तर ती बहुधा चोरी नसते. भाड्याने नेलेली कार परत न करणारा, विकून देतो म्हणून गाडी नेणारा एजंट, हे फौजदारी विश्वासघातात येतात, कलम ३१६, पाच वर्षांपर्यंत. पगारी ड्रायव्हरच्या हवाली केलेली गाडी त्याने पळवली तर याच कलमाचं चौथं पोटकलम, सात वर्षांपर्यंत. नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर कलम ३०६, तिथेही सातच. शब्द जपून वापरा. विम्यातही 'चोरी' आणि 'विश्वासघात' यांत फरक करून दावे अडवले जातात.

ज्याच्याकडे गाडी सापडते त्याचं काय

गाडी चोरणारा एक आणि सापडते ती भलत्याच्या दारात, असं पुष्कळदा होतं. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसं मानायला कारण असून तो घेणं, ठेवणं, कलम ३१७(२) खाली तीन वर्षांपर्यंत. लपवायला, विकायला मदत करणाऱ्यालाही तेवढीच. असा माल घेण्याचा-विकण्याचा धंदाच असेल तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. भंगारात गाड्या कापून सुटे भाग विकणारे याच कलमात सापडतात. चोरीनंतर थोड्याच काळात ज्याच्या ताब्यात माल मिळतो तो एक तर चोर किंवा चोरीचा माल घेणारा, असं अनुमान न्यायालय काढू शकतं. ताबा कसा आला याचा पटेल असा खुलासा मग त्यालाच करावा लागतो.

खोटी नंबर प्लेट, खोटं आरसी बुक, घासलेला चेसिस क्रमांक निघाला की बनावट दस्तऐवज आणि फसवणुकीची कलमं जोडली जातात. फसवणुकीसाठी बनावटीकरणाला ३३६(३) खाली सात वर्षांपर्यंत. अपघातात मोडीत निघालेल्या गाडीची कागदपत्रं विकत घ्यायची आणि तिचा क्रमांक त्याच मॉडेलच्या चोरलेल्या गाडीवर ठोकायचा, ही जुनी पद्धत आहे. घासून गेलेला क्रमांक मात्र कायमचा जात नाही. आकडा ठोकताना खालचा धातू दाबला जातो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागी आम्लाचं द्रावण लावलं की दाबलेला भाग वेगळ्या गतीने झिजतो आणि आकडे पुन्हा दिसू लागतात.

जुनी गाडी घेणाऱ्याने एवढं करावंच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत ती गाडी चोरीच्या नोंदीत आहे का ते पाहा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर चेसिस आणि इंजिन क्रमांकाचे दिसतील ते आकडे ताडून पाहा. आणि उजेडात वाकून चेसिसवरचे आकडे डोळ्यांनी वाचा. एखादा आकडा तिरका, खोली कमी-जास्त, भोवतीचा रंग ताजा, तर व्यवहार तिथेच सोडा. पैसे बँकेतून द्या, कारण 'मला ठाऊक नव्हतं' हे सिद्ध करायला पुढे तोच कागद कामी येतो.

टोळी आणि सराईत

न्याय संहितेच्या संघटित गुन्हेगारीच्या कलम १११ मध्ये 'वाहन चोरी' हा शब्द थेट आला आहे. टोळीने सातत्याने गुन्हे केले असतील आणि मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रांची दखल न्यायालयाने घेतली असेल, तर किमान पाच वर्षं ते जन्मठेप आणि किमान पाच लाख दंड. महाराष्ट्रात १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, आहेच. शिवाय सराईताला महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येतं, एमपीडीए या प्रतिबंधक कायद्याखाली एक वर्षापर्यंत स्थानबद्धही करता येतं.

अटक झाल्यावर

हा भाग आरोपीच्या घरच्यांसाठी. ३०३(२) दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. तो ठाण्यात हक्काने मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, अटकेची गरज पोलिसांनी लेखी दाखवावी, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पक्कं झालं आहे. पोलिसांकडून हजर राहण्याची नोटीस आली तर ठरल्या वेळी हजर राहा. टाळाटाळ केली की अटकेचं कारण तुम्हीच पुरवता. अटक झाली तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. पोलीस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागतात. गाडी जप्त झाली असेल आणि साथीदार शोधायचे नसतील, तर एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, होऊन जामिनाचा रस्ता लवकर मोकळा होतो. ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्कच होतो. कोठडीतल्या कुणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा अर्ज जरूर करावा. चोरीच्या गुन्ह्यात न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. एकविसाच्या आतल्या मुलाला तर तुरुंगात का पाठवायचं याची कारणं न्यायालयाला नोंदवावी लागतात. एका चुकीपायी पोरगं सराईतांच्या कोठडीत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून वकिलाला ही आठवण करून द्या.

मुद्देमाल सोडवणं आणि विमा

गाडी सापडली की ती मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा, होते आणि ठाण्याच्या आवारात जाते. कुठल्याही ठाण्याच्या मागे जाऊन बघा: टायर जमिनीत रुतलेले, सीटमधून गवत आलेलं, टाकीवर खडूने लिहिलेला गुन्हा नंबर पुसट झालेला. खटला संपेपर्यंत थांबायची मुळीच गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावलं आहे की वाहनं ठाण्यात सडवू नयेत, छायाचित्रं आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन मालकाला द्यावीत. आता सुरक्षा संहितेच्या ४९७ आणि ५०३ कलमांखाली हा अर्ज होतो. आरसी, विमा, ओळखपत्र जोडा, पोलिसांचं म्हणणं येतं, आणि सुपूर्दनाम्यावर, म्हणजे गाडी सांभाळण्याच्या लेखी हमीवर, ती मिळते. न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती विकायची नाही, रंग बदलायचा नाही आणि बोलावलं की हजर करायची, या अटी असतात.

गाडी सापडलीच नाही तर विमा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर त्याच दिवशी कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवा. एफआयआर लगेच झाली आणि कंपनीला कळवायलाच उशीर झाला, तर तेवढ्यावरून खरा दावा नाकारता येत नाही, असं २०२० च्या गुरशिंदर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. उलट एफआयआरलाच उशीर झाला तर हा आधार राहत नाही. कंपनी दोन्ही किल्ल्या, आरसी आणि पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. महाराष्ट्रात त्याला 'ए समरी' म्हणतात: गुन्हा खरा, पण आरोपी मिळून आला नाही. ती न्यायालयाने मंजूर केलेली हवी. तपासी अंमलदाराने नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवायची असते, तेव्हा त्या सुमाराला समरीची चौकशी सुरू करा. कर्ज असेल तर भरपाईतून आधी बँकेचे पैसे वळते होतात, आणि तोवर हप्ते थांबवायचे नाहीत.

विम्यासाठी चोरीचा बनाव करणाऱ्यांची प्रकरणं 'बी समरी'त, म्हणजे खोटी फिर्याद ठरून, जातात आणि उलट फिर्यादीवरच खोटी खबर व फसवणुकीचा गुन्हा लागतो. भरपाई घेतल्यानंतर वर्षभराने पोलिसांचा फोन आला की गाडी सापडली, तर ती आता तुमची नाही, विमा कंपनीची. ठाण्यात तसं लेखी सांगा, भरपाईच्या पत्राची प्रत द्या आणि कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा.